चुकवलेला फाटा

घटस्फोटानंतर टेसची आई एकटीच ओहायोहून गाडी चालवत पार पश्चिम किनाऱ्याला निघाली, तेव्हा डॅड हसले होते. "ती? अर्ध्या वाटेवरचं नेब्रास्कासुद्धा ओलांडायची नाही!" टेसच्या लहानपणी प्रत्येक सहलीत नकाशा आईच्या मांडीवर असायचा, आणि एखादा फाटा चुकला की डॅडचा आरडाओरडा पुढच्या गावापर्यंत पुरायचा.

बाळाला कडेवर घेऊन टेस फोनवर आईच्या गाडीचा ठिपका बघत होती. नेब्रास्कातच तो ठिपका एकच फाटा तिसऱ्यांदा सोडून पुढे गेला. तिने फोन लावला.

"मॉम, रस्ता चुकलीस ना?"

"मुद्दाम चुकवतेय गं! रस्ता सांगायला फोनवर पुरुषाचा आवाज लावलाय."

"मग?"



"तीनदा फाटा चुकवला, तरी मेला एकदाही ओरडला नाही!"