आईकडून आलेलं

माझ्या मानेतल्या गाठीवर, म्हणजे लिम्फोमा या कर्करोगावर, उपचार सुरू करण्याआधी रक्त तपासलं, तर हेपटायटिस बी निघाला. डॉक्टर म्हणाले, "केमोनं हा झोपलेला विषाणू उसळला तर यकृत जाईल, म्हणून आधी गोळ्या. आणि तो आईकडून आला असावा. भावंडांनाही तपासून घ्या."

आईचं नाक घेतलं, हट्ट घेतला, आता हेही!

बाहेर येताच ताई कुजबुजली, "गाठीचं सांग, पण याबद्दल ब्र काढू नकोस. लोक आपल्या घरचं पाणी पिणार नाहीत."

"राहू देत तहानलेले. मी दोघा भावांना आत्ता कळवणार."

तिनं माझा हात धरला. "अगं, मलाही आहे. दहा वर्षं झाली कळून."



मी धाकट्याचा नंबर फिरवला आणि फोन तिच्या कानाला लावला. "थोरली तू. तूच सांग."