फोटोखालचं वाक्य

"उद्यापासून न्हाई, आजपासनंच तुझी कंपनी बंद," मारुतराव म्हणाले आणि त्यांनी मोबाइल टीपॉयवर पालथा घातला.

धाकटी सून दिपाली दारातच थांबली. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. चाकणची बस पंधरा मिनिटांत चौकात येणार होती.

"आबा, मी असं बोललेच नाही हो," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"मग त्या पोर्टलवाल्याला सपान पडलं व्हय? तुझ्याच फोटोखाली छापलंय. सकाळधरनं आख्खी चऱ्होली इचारतीय, सुनंला काय तरास देता म्हणून."

आतल्या खोलीत थोरली सून जयमाला दीड वर्षाच्या स्वराला पाजत बसली होती. तिच्याही मोबाइलवर तीच बातमी उघडी होती. ‘या घरात मला नावानं हाक मारणारं कुणी नाही!’ पुरस्कारविजेत्या सुनेचा धक्कादायक खुलासा, वाचून डोळे पाणावतील.

जयमालाचे डोळे सकाळीच पाणावले होते. पण ते रागानं.

कारण ते वाक्य तिचं होतं. कुणाजवळ बोलली नव्हती ती, पण किती दिवस उराशी धरून होती. स्वरा झाली, असेंब्ली लाइनवरची नोकरी सुटली आणि ती सगळ्यांची ‘स्वराची आई’ झाली. नवऱ्याची नुसती ‘अगं’ झाली. दिपालीचं मात्र दिवसभर चालू. दिपाली आली का, दिपालीला गरम वाढा, दिपालीला उठवू नका, रात्रपाळी करून आलीय. गेल्या आठवड्यात दिपालीला कंपनीत मिळालेली ट्रॉफी मांडायला टीव्हीशेजारची जागा हवी होती, तेव्हा तिथल्या स्वराच्या बाटल्या जयमालानंच हसत हसत उचलल्या होत्या. ट्रॉफी हिची, बस हिची, पगार हिचा. आणि आता आपल्या मनातलं दुखणंही हिच्याच फोटोखाली छापून आलं.

स्वराचा डोळा लागला. जयमालानं आवाज बारीक करून बातमीखालचा व्हिडिओ लावला. परवा पोर्टलचा तो पत्रकार घरी आला होता, बैठकीतच त्यानं शूट केलं होतं. नऊ मिनिटांत दिपाली मापं घेण्याच्या गेजबद्दल बोलली, परत पाठवलेल्या पार्टांबद्दल बोलली, लाइनवरच्या मुलींबद्दल बोलली. ते वाक्य कुठंच नव्हतं. जयमालानं बातमी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. आतल्या मजकुरातही नव्हतं. होतं ते फक्त मथळ्यात आणि फोटोखाली.

म्हणजे दिपाली खरं बोलत होती. उठून बाहेर जायचं आणि एवढंच सांगायचं. जयमाला उठली नाही. बस निघून गेली तर उद्या दिपालीही इथंच असेल, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, आणि वर्षभरात तीही कुणाची तरी आई होईल. मग कळेल. क्षणभर तिला ते फार गोड वाटलं.

बाहेर टीपॉयवर खट्ट वाजलं. दिपालीनं ओळखपत्र काढून ठेवलं होतं. तो आवाज जयमालाला ठाऊक होता. दीड वर्षापूर्वी तिनंही आपलं ओळखपत्र याच टीपॉयवर ठेवलं होतं, आणि तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

स्वराला खांद्यावर टाकून ती बाहेर आली.

"आबा, हे दिपालीचं वाक्य नाही. अख्खा व्हिडिओ बघितला मी. त्यात नाहीच ते."

"मी वाचलंय की वरचं मोठ्या अक्षरातलं."

"तेवढंच वाचलंत. आणि असं ती का म्हणेल? तिला तर या घरात सगळे नावानंच हाक मारतात." "मी म्हटलं असतं, तर पटलं असतं."

मारुतराव तिच्याकडे बघतच राहिले. दिपालीही वळून बघू लागली.

"म्हंजे त्या पत्रकाराला तू सांगितलंस?"

जयमालानं सांगितलं नव्हतं. पण ‘नाही’ म्हणायला तिची जीभ वळेना.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. पदराला हात पुसत सासूबाई दारात आल्या. आज सकाळपासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"पोरीला कशाला धरताय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "शूटिंग झाल्यावर चहाचा कप उचलाया गेले, तवा त्यानं इचारलं, आजी, तुमाला काय सांगायचंय का? म्हातारीचा फोटो कोण बघतंय, म्हून दिपालीचा लावला आसंल त्यानं. बोलले ते मी."