शांघाय, तीन रात्री

"नाव जुळत नाही," अंकिता म्हणाली.

तिनं नोटरीच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक सिद्धेश्वरीबाईंचा पासपोर्ट. चार वर्षांपूर्वी भजनी मंडळाबरोबर कैलासला जायचं ठरलं तेव्हा काढलेला, एकदाही न वापरलेला. दुसरा त्यांच्या मुलाच्या, सोमशेखरच्या पासपोर्टची झेरॉक्स. त्यावर आईचं नाव होतं, शांतम्मा.

सोलापूरच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली बुधवारी दुपारचे साडेतीन वाजले होते. सोमशेखर शांघायच्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात होता. कंपनीकडून नव्या यंत्रमागांचं ट्रेनिंग घ्यायला गेलेला. रविवारी रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं, तेव्हापासून शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी कंपनीच्या माणसाकरवी निरोप दिला होता : शनिवारनंतरचं काही सांगता येत नाही.

शेजारी राहणारी अंकिता ट्रॅव्हल एजन्सीत कामाला होती. तिनं सगळं आखून कागदावर उतरवलं होतं. आज संध्याकाळच्या गाडीनं मुंबई. उद्या सकाळी, पेशंटची आई म्हणून, तातडीच्या व्हिसाचा अर्ज. शुक्रवारी व्हिसा, रात्री विमान, शनिवारी दुपारी शांघाय. तीन रात्री. हॉटेल इस्पितळापासून चालत सात मिनिटं. उद्याचा अर्ज हुकला तर व्हिसा थेट सोमवारी.

"बघायला किती येळ देतेत?" सिद्धेश्वरीबाईंनी विचारलं.

"रोज अर्धा तास, काकू."

"म्हंजे तीन दिसांचा दीड तास." त्यांनी मान हलवली. "लई हाय की."

नोटरीनं झेरॉक्सवर बोट ठेवलं. "ही शांतम्मा कोण?"

"मीच. माहेरचं नाव हाय."

लग्नात नाव बदललं, सिद्धेश्वरी झालं. पण पहिलं बाळंतपण माहेरी, दुधनीला. जन्माची नोंद करायला भाऊ गेला आणि त्यानं आपल्या तोंडातलं नाव सांगितलं. दाखल्यावरून तेच मुलाच्या पासपोर्टवर उतरलं. चोवीस वर्षांत कुणी पाहिलं नाही.

तो भाऊ, चन्नप्पा, बहिणीची पिशवी हातात धरून मागं उभा होता.

"अण्णा," सिद्धेश्वरीबाई मागं न बघता म्हणाल्या, "लग्नाला दोन वर्सं झालती की. सिद्धेश्वरी म्हनायला जीभ जड झालती का तुजी?"

"कारकुनानं इचारलं, पोराच्या आईचं नाव काय. मी काय सांगनार? पाळन्यातनं शांतम्माच की तू." मग तो अंकिताकडं वळला. "पर बापाचं नाव बरोबर हाय न्हवं? मृत्युंजय. दोनी कागदांवर तेच हाय."

"तेच तर वाईट आहे, मामा. वडील तेच आणि आई वेगळी. व्हिसावाले म्हणतील, ही दुसरी बायको, मुलाची सावत्र आई. मृत्युंजयकाका तर नाहीत आता. सांगणार कोण?"

"सावत्र?" सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. पदर सावरता सावरता त्यांचा हात पोटाशी थांबला. "शिजर झालंय माजं. टाक्यांची खून हाय. दाखवू का त्यास्नी?"

शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक टाइप करायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

नोटरीनं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. शांतम्मा आणि सिद्धेश्वरी ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच असून, सोमशेखर हा माझ्या पोटचा मुलगा आहे. त्यानं पेन पुढं केलं. "दोन्ही नावांनी सह्या करा. माहेरची सही जशी होती तशीच हवी."

त्यांनी शांतम्मा कानडीत लिहिलं. शाळा कानडी, सातवीपर्यंत. लग्नानंतर ही सही त्यांनी कधी केली नव्हती, पण हात कुठं अडला नाही. गोल, सलग अक्षरं एका दमात उमटली.

मग मराठी. ही सही त्यांना सोमशेखरनं शिकवलेली, तो पहिलीत असताना, प्रगतिपुस्तकावर करायला. त्यांनी एकेक अक्षर जुळवलं. जोडाक्षराशी पेन उचललं, पुन्हा टेकवलं. रेघ वर चढत गेली.

नोटरीनं कागद उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"बाई, राग मानू नका. मला कळतंय तुम्ही एकच आहात. पण या सह्या दोन बायकांच्या दिसतात. एक शिकलेली, एक नुकती लिहायला लागलेली. मी शिक्का मारीन, पण मुंबईला पहिला प्रश्न हाच येणार."

"काकू, गाडी साडेपाचची आहे," अंकिता हळूच म्हणाली.

चन्नप्पा पुढं आला. "सायेब, मी लिवून देतो. माजीच चूक हाय. माज्यावर लिवा काय लिवायचं ते."

"तुमच्या लिहिण्यानं काय होणार?"

सिद्धेश्वरीबाईंनी टेबलावरचं शाईचं पॅड स्वतःकडं ओढलं. डावा अंगठा त्यात दाबला आणि शांतम्माखाली टेकवला. पुन्हा शाईत बुडवला आणि सिद्धेश्वरीखाली टेकवला. मग तो निळा अंगठा न पुसता नोटरीसमोर धरला.

"आता बघा की सायेब. बोट तर न्हाय बदललं कुनी."

नोटरी शिक्का हातात धरून दोन्ही ठशांकडं बघत राहिला.