सोळा पिक्सेल

आई गेल्यावर तिचा लॅपटॉप उचलला, तर खाली एक वही होती. जाड मार्करने लिहिलेली, पानाला पाचच ओळी. पहिलंच वाक्य ओळखीचं वाटलं, कारण ते माझं होतं. माझ्या वेबसाइटवरचे लेख आईने भिंग धरून मोठ्या अक्षरांत उतरवले होते, आणि मगच वाचले होते.

दिवाळीत तिच्या ब्राउझरमधली अक्षरं मीच सर्वांत मोठी करून दिली होती. पण माझ्या साइटवर मी अक्षरांचा आकार सोळा पिक्सेलवर पक्का बांधलेला होता. वाचणाऱ्याने काहीही केलं तरी माझी मांडणी हलू नये, म्हणून. बाकीच्या साइट तिच्यासाठी मोठ्या झाल्या. माझी झाली नाही.

"नीट दिसतं ना गं?" मी फोनवर विचारायचे.

"दिसतं की. पण किती लांबलचक लिहितेस बाई! एका लेखाला आठवडा लागतो मला."

"अगं, लेख आहे, पुराण नाही," म्हणून मी हसायचे.

वहीतला शेवटचा लेख अर्ध्या वाक्यात थांबला होता.

मी पिक्सेल काढून रेम घातलं. या मापात अक्षरं वाचणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे वाढतात. दहा मिनिटांचं काम. मग आईच्या लॅपटॉपवर तोच लेख उघडला. वहीत अडलेलं वाक्य पडद्यावर पूर्ण दिसत होतं. तिच्या रिकाम्या पलंगावरूनही ते सहज वाचता येत होतं.