शेवटच्या पेशी

हेरंबला रक्ताच्या कर्करोगाने जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण त्याच्या रोगट पेशी प्रयोगशाळेतल्या कृत्रिम अस्थिमज्जेत अजून वाढत होत्या, आणि त्याची आई, कुंदाताई, अधूनमधून त्या बघायला यायच्या.

"ताई, औषध सापडलंय असं वाटतं," डॉ. तस्नीम म्हणाली. "वरच्या वॉर्डात हेरंबसारखाच आजार असलेली एक मुलगी आहे. तिला देण्याआधी या पेशींवर बघायला हवं. तुमची परवानगी लागेल."

"जमलं, तर यातलं काही उरेल?"

तस्नीमने मान खाली घातली. "नाही. आता एवढ्याच राहिल्यात."

याच पेशींनी हेरंबला नेलं, हे कुंदाताईंना ठाऊक होतं. तरी त्याचं म्हणून जिवंत असं जगात एवढंच होतं. त्यांनी काचेवर तळहात टेकला.

"घाल बाई औषध," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत पडद्यावर जिवंत पेशी दाखवणारे सगळे ठिपके विझले. प्रयोगशाळेत टाळ्यांचा कडकडाट झाला. तस्नीमने धावत येऊन त्यांना मिठी मारली.

"त्या पोरीला आजच सुरू कर," कुंदाताई कशाबशा म्हणाल्या आणि पोटचं पोर आत्ताच गेल्यासारख्या हमसून रडू लागल्या.