किती डाव हरली?

चेतनच्या विटीदांडूच्या फिल्मवर कोरियातल्या मुलांचा एकच प्रश्न आला होता : ती काच कोणाची होती? सगळा वर्ग खो खो हसला. चेतन बाकाखाली शिरायचाच काय तो बाकी राहिला.

जामबागच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी आपापल्या घरचे खेळ मोबाइलवर टिपून कोरियातल्या एका शाळेला पाठवले होते, आणि तिकडच्यांनी त्यांचे इकडे. आज प्रश्नांचा तास होता. रजनी टीचर आलेले प्रश्न मराठीत सांगत होत्या, आणि युवराज कॉम्प्युटरवर बसून फिल्मचा तो तो तुकडा भिंतीवर दाखवत होता.

"आता मेघना. सागरगोटे."

मेघना ऐटीत सावरून बसली. तिच्या फिल्मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. फिल्ममध्ये खेळली होती तिची त्रिवेणीताई, आठ दिवसांसाठी बरकतपुऱ्याला माहेरी आलेली. आज दुपारी भावजी तिला न्यायला येणार होते, आणि आई सकाळपासून सोबत द्यायचे लाडू वळत होती. शूटिंगच्या वेळी बांगड्यांची किणकिण फार होते म्हणून मेघनाने त्या काढायला सांगितल्या होत्या. "नक्को गं, रिकामे हात बरे दिसत नाहीत," असं म्हणून ताईने त्या कोपराकडे सरकवल्या आणि वर रुमाल बांधला. मग आवाज कसा स्वच्छ आला होता!

"सोयून नावाच्या मुलीने विचारलंय," टीचर म्हणाल्या. "आमच्याकडेही असेच पाच खडे झेलतात. हरणाऱ्याच्या मनगटावर जिंकणारा दोन बोटांनी फटका मारतो. तुमच्याकडे जास्त जोरात मारतात का? तुमची ताई किती डाव हरली?"

"माझी ताई कधीच हरत नाही!" मेघना ताडकन म्हणाली. "अख्ख्या गल्लीला विचारा. आणि आपल्यात मारत नाहीत कोणी."

"हौ टीचर, मारत नाहीत," मागून दोघीतिघी म्हणाल्या.

"मग सोयूनला असं का वाटलं? एक मिनिट अकरा सेकंद असं लिहिलंय हिने. युवराज, लाव बघू तिथे."

युवराजने फिल्म मागे नेली आणि थांबवली.

भिंतीवर ताईचा हात आला, दारापेक्षा मोठा. गोटे हवेत होते, तळवा उघडा होता. आणि मनगटावर, एरवी जिथे बांगड्या असतात बरोबर तिथे, चार काळेनिळे पट्टे होते, एकाला लागून एक. पाचवा पलीकडच्या बाजूने अर्धाच दिसत होता. फटक्याचे नव्हतेच ते. कोणीतरी हात धरून पिरगाळला होता.

टीचर पुढचा कागद उचलायला गेल्या आणि तशाच थांबल्या. त्यांनी ही फिल्म तीनदा पाहून मार्क दिले होते.

मेघनाने ती फिल्म चाळीसेक वेळा पाहिली होती. कापली होती, जोडली होती, गाणं घातलं होतं. प्रत्येक वेळी फक्त गोटे पाहिले होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

"युवराज, बंद कर ते," टीचर म्हणाल्या. युवराजचा हात माउसवर होता, पण तो हललाच नाही.

"टीचर, तुमचा फोन द्या," मेघना उठून पुढे आली. "घरी लावायचाय. आत्ताच."

टीचरनी काही न विचारता फोन दिला. मेघना तिथेच, भिंतीसमोर उभी राहिली. चौथ्या रिंगला आईने उचलला. मागे कपबश्या वाजत होत्या.

"आई, भावजी आले?"

"आत्ताच आले. चहा घेतायत. का गं, शाळेतून फोन? बरं आहे ना तुला?"

"आई, ताईला पाठवू नकोस. तिचा हात बघ, बांगड्यांच्या खाली. बघ तू आधी."

पलीकडे कपबश्यांचा आवाज लांब गेला. एक दार लोटल्यासारखं वाटलं. मग आई अगदी दबक्या आवाजात म्हणाली,

"हळू बोल. तुला कोणी सांगितलं?"

मेघना भिंतीवरच्या हाताकडे बघत राहिली. गोटे अजून हवेतच होते.

"कोरियातल्या एका मुलीने," ती म्हणाली. हळू नाही.