कर्ण्याचा दम

कर्ण्यातून आवाज फाटू नये म्हणून पलूसच्या चांदसाहेबानं उन्हाळाभर खपून अ‍ॅम्प्लिफायरचा ड्रायव्हर, म्हणजे मोठ्या व्हॉल्व्हांना रेटा देणारा मधला भाग, नव्यानं बांधला. चौसष्ट सालच्या जत्रेत गाण्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला, तसे पंच आबा तणतणत आले.

"चांदसाहेब, कर्णा खरखरत न्हाई, मग लोकांस्नी त्याचा दम कसा कळायचा रं? पुढच्या साली सांगलीचा कर्णा आणतो!"

"बहिऱ्यांच्या गावात सूर लावत बसलोय मी!" असं पुटपुटत चांदसाहेबानं ड्रायव्हरचा चांगला व्हॉल्व्ह उपटला आणि जुना, मरायला टेकलेला खोचला. कर्णा फाटक्या पत्र्यागत कोकलायला लागला. खूश झालेल्या आबांनी भर मांडवात त्याला मानाचा फेटा बांधला.

 

चांदसाहेबानं तो दोन्ही कानांवर खाली ओढून घेतला.